मूळ नकाशा

धमनीदर्शक यंत्रात झोपायला त्या दिवशी एकही माणूस तयार नव्हता.

मिरजेच्या त्या मेंदू-रुग्णालयात चौकशी समिती सकाळी दहालाच येऊन बसली होती. महिन्याभरापूर्वी या यंत्राने सुनंदा चौगुले या व्यायामशिक्षिकेच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या ‘निर्दोष’ ठरवल्या होत्या. आठव्या दिवशी कबड्डीचा सामना चालू असताना ती डोकं धरून मैदानावर बसली, आणि पुन्हा उठली नाही. तिच्याआधी आणखी दोघे असेच गेले होते. बातमी गावभर झाली आणि प्रात्यक्षिकासाठी बोलावलेले पाचही स्वयंसेवक आलेच नाहीत.

“यंत्र नेमकं करतं काय?” समितीच्या अध्यक्षा, निवृत्त न्यायाधीश वसुंधरा खोत यांनी विचारलं.

धमनीदर्शकाचे जनक डॉ. गजेंद्र शिरगुप्पे याच प्रश्नाची वाट पाहत होते. “ना रंगद्रव्य टोचायचं, ना क्ष-किरण. चुंबकीय क्षेत्रात वाहतं रक्त जे संकेत देतं त्यांवरून आम्ही धमन्यांचं त्रिमितीय चित्र काढतो. यंत्र ते मूळ नकाशाशी ताडून पाहतं. मूळ नकाशात नसलेला फुगा धमनीच्या भिंतीला कुठे आला असेल, तर चार मिनिटांत कळतं.”

“मूळ नकाशा कुणाचा?”

“नऊशे निरोगी माणसांची सरासरी.”

“तो नकाशाच सदोष आहे,” डॉ. रेहाना मुजावर म्हणाल्या.

शिरगुप्पे त्यांच्याकडे न पाहताच हसले. धमनीदर्शक आल्यापासून त्यांनी मुजावरांचं जुनं क्ष-किरण यंत्र तळघरात हलवलं होतं. मुजावर रुग्णाच्या मांडीतून नळी घालून रंगद्रव्य सोडत आणि त्यावरून रक्तवाहिन्या पाहत, म्हणून शिरगुप्पे भरसभेत त्यांना ‘रंगारीणबाई’ म्हणत.

“तिघांचाही फुगा एकाच जागी फुटला,” मुजावर अध्यक्षांना म्हणाल्या. “डाव्या डोळ्यामागे धमनीला फाटा फुटतो, तिथे. तिघांनाही शेवटच्या घटकेला माझ्याकडे आणलं, म्हणून मला ते दिसलं. बाकी ठिकाणचा तांदळाएवढा फुगाही हे यंत्र पकडतं, याच जागेचा सोडतं. कारण मूळ नकाशातच तिथे फुगा असणार. त्यामुळे तिथला फुगा यंत्राला दोष वाटतच नाही.”

“नऊशे निरोगी माणसांना एकाच जागी फुगा?” शिरगुप्पे म्हणाले. “बाई, सरासरी कशी काढतात ते कुणाकडून तरी शिकून घ्या. यांचं दुकान बंद पडलं, त्याची ही जळजळ आहे.”

नकाशात फुगा आला कुठून, हे मुजावरांना अजून कळलं नव्हतं. साठवलेली चित्रं पाहायला त्यांनी तीनदा अर्ज केला होता आणि शिरगुप्प्यांनी तिन्ही फेटाळले होते.

“वाद पुरे,” अध्यक्षा म्हणाल्या. “आम्हाला यंत्र चालताना पाहायचं आहे.”

“मग मीच झोपतो,” शिरगुप्प्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. “माझा माझ्या यंत्रावर विश्वास आहे.”

तंत्रज्ञ बाहुबली मगदूम यांनी त्यांना आत सरकवलं. चार मिनिटांनी पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : निर्दोष.

“बघितलंत?” आतून आवाज आला.

“मगदूम, निकाल राहू द्या,” मुजावर म्हणाल्या. “जुळणीचा आकडा दाखवा.”

“त्याची काही गरज नाही!” शिरगुप्पे आतून ओरडले. “मला बाहेर काढ आधी!”

“दाखवा,” अध्यक्षा म्हणाल्या.

मगदूमांनी कळ दाबली आणि ते पडद्याकडे पाहतच राहिले. “नव्व्याण्णव पूर्णांक चार टक्के.”

“इतरांची किती येते?” अध्यक्षांनी विचारलं.

“मॅडम, आजवर चौऱ्याऐंशीच्या वर कुणाचीच गेली नाही.”

“जाणारही नाही,” मुजावर सावकाश म्हणाल्या. कोडं त्यांना त्या क्षणी उलगडत होतं. “मेंदूतल्या धमन्यांचे फाटे बोटांच्या ठशांसारखे असतात, प्रत्येकाचे वेगळे. नऊशेंच्या सरासरीशी कुणी एक माणूस इतका जुळूच शकत नाही. तो फक्त स्वतःशी जुळतो.”

मगदूमांनी शिरगुप्प्यांना बाहेर सरकवलं.

“यंत्राच्या मंजुरीची मुदत संपत होती,” ते तुटकपणे म्हणाले. “नऊशे माणसं गोळा करायला दोन वर्षं लागली असती. मी धडधाकट होतो. माझा नकाशा वापरला तर काय बिघडलं?”

मुजावरांनी पडद्यावरचं चित्र फिरवलं आणि डाव्या डोळ्यामागचा फाटा मोठा केला. तिथे वाटाण्याएवढा गोल फुगा लोंबत होता.

“हे बिघडलं,” त्या म्हणाल्या. “उठू नका. आवाज चढवू नका. आजच तार घालून भरायला हवा तो.”

शिरगुप्पे पुन्हा आडवे झाले. तरीही ते म्हणाले, “तुमच्या हातून नको.”

“मग पुण्याला जा. पाच तासांचा रस्ता आहे. वाटेत फुटला तर किती वेळ मिळतो, ते मी सुनंदाच्या वेळी पाहिलंय.”

दुपारी एक वाजता त्यांना तळघरात नेलं. मुजावरांनी मांडीतून नळी मेंदूपर्यंत चढवली, रंगद्रव्य सोडलं आणि काळ्या-पांढऱ्या चित्रावर नजर ठेवून प्लॅटिनमची केसासारखी तार फुग्यात वेटोळं करून भरली. दोन तास हे काम चाललं. फुग्यात रक्त शिरायचं थांबलं, तेव्हा त्यांनी नळी काढली आणि हात धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शिरगुप्प्यांच्या खाटेपाशी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी प्रकृतीचं काहीच विचारलं नाही. एक कागद पुढे केला.

“साठवलेली चित्रं उघडायची परवानगी. दोन हजार सहाशे माणसांना तुम्ही निर्दोष म्हणून घरी पाठवलंय. यंत्राने फुगे पुसलेले नाहीत, फक्त सोडून दिलेत. डोळ्यांनी पाहिले तर दिसतील.”

शिरगुप्प्यांनी कागद वाचला. सही केली म्हणजे सगळं कबूल केल्यासारखं होतं. “मला माफ...”

“ते चौगुल्यांच्या घरी जाऊन बोला. इथे सही करा.”

त्यांनी सही केली.

मुजावर आणि मगदूम चार दिवस पडद्यासमोर बसले. प्रत्येक चित्रातली एकच जागा पाहत गेले. एकोणीस फुगे सापडले. पाचव्या दिवशी सकाळी मुजावरांनी फोन उचलला आणि यादीतला पहिला क्रमांक लावला. पलीकडे शिलाई यंत्राची खडखड ऐकू येत होती.

“मी मिरजेहून डॉक्टर मुजावर बोलतेय. यंत्र जरा बंद करा, ताई, आणि खाली बसा. घाबरू नका, पण मी सांगते ते नीट ऐका.”