कडागीची वाट

बिनडंखी मधमाशांचं एक जिवंत घर, फांदीसकट, जंगलातून खाली आणायचं होतं. नोलीनच्या मॅकाडेमियाच्या बागेत फुलोरा ओसंडत होता आणि त्यावर एक माशी नव्हती. मधमाशांच्या भाड्याच्या पेट्या दक्षिणेकडच्या बदामवाल्यांनी पळवल्या होत्या. तिच्या स्वतःच्या पेट्या उन्हाळ्यात आतून चिकट होऊन मेल्या. "उष्णतेनं," ती म्हणायची. आम्हीही मान डोलवायचो. उष्णतेला दोष दिला की ती उलटून बोलत नाही! पण हा बहर वाया गेला तर बाग विकावी लागणार होती.

तिची पेट्रोलवरची करवत घेऊन तिचा दीर डेस निघाला. मी शेजारी, माझा दोर हवा होता. माझी वस्तू उसनी मिळते, पण मालकासकट.

ओढा धरून चढलो. काटेरी वेतानं कान फाडले. निसरड्या धोंड्यांवरून डेस दोनदा पाण्यात बसला.

"थांब केव्ह, त्याची आंघोळ उरकू दे," नोलीन म्हणाली.

"हस, हस! करवत भिजली तर फांदी तूच दातांनी काप!"

वाटेत माशांची दोन जुनी घरं लागली. दोन्ही ओस, आतून काळी, डिंकानं लिबलिबीत. दोन्हींच्या शेजारी कडागीचं झाड: खोड हिरवं गुळगुळीत, बुंध्याला मात्र खरबरीत सालीचे मोजे.

"बाबांची झाडं इथंही!" नोलीन हरखली. वारा अडवायला तिच्या वडिलांनी बागेच्या कडेनं हीच लावली होती. त्या सावलीत आम्ही चहा प्यालो. परतीची खूण म्हणून तीच झाडं ध्यानात ठेवली.

तिसरं घर कड्यावर सापडलं. दरीवर झुकलेल्या फांदीच्या ढोलीत तिळाएवढ्या काळ्या माशांची लगबग चालली होती. जिवंत! सगळ्या घरी परतेपर्यंत थांबायचं, मगच कापायचं, हा नियम. ऊन उतरलं. कमरेला दोर आणि करवत अडकवून डेस वर चढला.

"दोर ताणून धर, केव्ह!"

करवत गुरगुरली. अर्धी फांदी कापली आणि कडाड! फांदी खचली. डेसचा पाय सुटला. तो दरीवर लोंबकळला! दोरानं माझे तळवे सोलले. नोलीननं दोरावर अंग टाकलं. डेसनं ढोलीच्या तोंडाला हात घातला, झोका घेतला आणि खोडाला मिठी मारली.

"लागलं का रे?"

"नाही. हात चिकटलाय. दाराला डिंक आहे, त्यात बिया आहेत." त्यानं मान वळवून खाली पाहिलं. "वहिनी, तुझ्या पायाशी बघ."

केसाळ पानांची कोवळी रोपं. बागेच्या कडेला कडागीखाली उगवतात, तीच. एकावर मी उभा होतो.

नोलीननं वाकून एक पान चाचपलं. "माशा कडागीचा डिंक आणतात, त्याला चिकटून बीही येतं. घराशी पडतं, रुजतं. तिथून पुढच्या घरी. उन्हात तो डिंक वितळतो आणि घर बसतं." तिनं आलो त्या वाटेकडे बोट दाखवलं. "माझ्या बागेपासून इथपर्यंत! आणि आपण सावलीत चहा प्यालो."

"आता काय करू? अर्धी कापलीय!" डेस ओरडला.

"बांध."

"अगं, पण बाग..."

"खाली बाबांच्या झाडांपाशी नेलं तर पहिल्याच उन्हाळ्यात मरेल. बांध म्हणते ना!"

फांदी कण्हत होती. डेसनं पायांनी ती उचलून धरली, कमरेचा दोर सोडून त्याचे वेढ्यांवर वेढे घातले, गाठ आवळली. फांदी थरथरली... आणि स्थिरावली! मग दोराविना तो इंचाइंचानं खाली उतरला. दोर वरच राहिला. मी तो मागितला नाही.

ओढ्याकाठी रात्र काढून सकाळी रोपं उपटत उतरलो. डेस पुन्हा पाण्यात बसला. कोणी हसलं नाही.

फाटकाशी फुलोऱ्याचा वास दाटला होता, वाया चाललेला. नोलीननं वडिलांच्या रांगेकडे पाहिलं. "डेस, करवतीत पेट्रोल आहे?"

पहिलं झाड फाटकावरच आडवं झालं.

माझ्या कुंपणाला याच झाडांची रांग आहे, याहून उंच. वाटभर कोणी तो विषय काढला नव्हता. मी तर नाहीच.

"उरकलं की..." मी जमिनीकडे बघत म्हणालो, "करवत जरा मला दे."

"देते," नोलीन म्हणाली. "मालकासकट."