ॲव्हरिलचे सहा चमचे

ही गोष्ट रचलेली नाही. मला ती डोरीन पारगेटरने स्वतः सांगितली, आणि डोरीनला थापा मारता येत नाहीत. बर्मिंगहॅमच्या चांदीवाल्यांच्या वस्तीत आम्ही दोघी एकाच दुकानात बसायचो. जुन्या चांदीवरचे शिक्के वाचून माल कुठला, कुणी घडवला ते सांगायचं, हेच आमचं काम.

नोव्हेंबर १९९४. रविवार. संध्याकाळचे चार, पण बाहेर अंधारून आलेलं.

डोरीनला एका बाईचा भयंकर मत्सर वाटायचा. ती बाई मेलेली होती. ॲव्हरिल, डोरीनच्या नवऱ्याची, क्लिफर्डची, पहिली बायको.

ॲव्हरिल जाऊन अकरा वर्षं झालेली. डोरीनच्या लग्नाला नऊ. तरी क्लिफर्ड चहा ढवळायचा तो ॲव्हरिलच्या सहा चांदीच्या चमच्यांपैकीच एकाने. वर म्हणायचा, "ॲव्हरिल बशीत आल्याची दोन बिस्किटं ठेवायची गं."

डोरीनने घरात आल्याची बिस्किटं आणणंच बंद केलं.

त्या दिवशी तो म्हणाला, "अस्सल लंडनचे चमचे आहेत. तिच्या पणजीचे."

"आण इकडे. मुलामा निघाला तर कचऱ्यात जातील, सांगून ठेवते."

"जळकुकडी कुठली!" चमचे तिच्यापुढे ठेवून तो हसत पुढच्या खोलीत पेपर वाचायला गेला.

डोरीनने सहाही चमचे स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. डोळ्याला भिंग लावलं.

सिंह... म्हणजे चांदी खरी. तिचा जीव जळला.

नांगर... म्हणजे लंडन नाहीच, आपलं बर्मिंगहॅम. तेवढंच जरा बरं वाटलं. दरवर्षी बदलणारं वर्षाचं अक्षर दीडशे वर्षांपूर्वीचं.

घडवणाऱ्याची अक्षरं मात्र पार झिजली होती. उरली होती नुसती चौकट, शंकरपाळीसारखी. नवऱ्यामागे दुकान चालवणारी विधवा त्या काळी अशा चौकटीत आपली अक्षरं उठवायची.

झिजलेला शिक्का वाचायची आमची एक रीत आहे. मेणबत्तीवर धरून त्याला काजळी आणायची, वर चिकटपट्टी दाबायची आणि ती पट्टी पांढऱ्या कागदावर लावायची. डोरीनने तेच केलं.

हळूहळू अक्षरं दिसली.

डी... पी...

डोरीन पारगेटर!

आणि तिला चक्क आनंद झाला. ॲव्हरिलच्या चमच्यावर माझं नाव! तिने घाईघाईने दुसरा चमचा घेतला. डी. पी. तिसरा... तेच.

मग तिची नजर त्या अक्षरांशेजारच्या शिक्क्यांवर गेली. सिंह तोच, नांगर तोच. वर्षाचं अक्षर मात्र यंदाचं होतं. ते ती दुकानात रोज बघायची.

तिचं बोट चौकटीवर थांबलं... विधवेची चौकट...

तेवढ्यात पुढच्या खोलीतून आवाज आला.

किण... किण... किण...

कपात चमचा फिरत होता. चांदीचा. तो आवाज तिने नऊ वर्षं ऐकला होता.

तिने टेबलावरचे चमचे मोजले. सहा. किटली गार. चहा तिने केलेलाच नव्हता.

"वा! काय चहा झालाय!" क्लिफर्ड म्हणाला.

किण... किण...

मग काहीच नाही.

ती धावत गेली. क्लिफर्ड खुर्चीत मान टाकून पडला होता. हाताशी कप, त्यातून अजून वाफ येत होती. चमचा कुठेच नव्हता.

बशीत आल्याची दोन बिस्किटं होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

नंतर मीही त्या चमच्यांना भिंग लावून पाहिलं. शिक्के झिजलेलेच, चौकटी रिकाम्या, वर्षाचं अक्षर जुनंच. पण डोरीनच्या वहीत ती काजळीची पट्टी आहे. डी. पी. अगदी स्पष्ट. ती पाहिल्यापासून मी शंकरपाळीच्या चौकटीचा माल हातात घेत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

मी डोरीनला एकदा विचारलं, "तुला भीती नाही गं वाटत?"

"भीती कसली?" ती फणकारली. मग तिचे डोळे भरून आले. "नऊ वर्षं त्याला चहा मी करून दिला. एकदा तरी 'वा' म्हणाला का?"