पुतळ्यासमोर नाव घ्यायचं नाही

काचेच्या बाटलीत पाणी भरून वेमुना घराबाहेर पडली, तेव्हा दुपार कलली होती आणि समुद्रावरून धुकं गावात शिरत होतं. या किनाऱ्याला पाऊस ठाऊक नाही. येतं ते धुकंच. खारट, कुजक्या शेवाळाच्या वासाचं.

"कुठं निघालीस?" आजीनं विचारलं.

"पुतळ्यापाशी."

आजीच्या डोक्यावर शिंगांसारखी टोकं काढून बांधलेलं वस्त्र होतं. ती टोकं जराशी थरथरली. आजीचं नाव हेडविग. ज्या जर्मनांनी तिच्या हेरेरो जमातीच्या माणसांना विहिरींवरून हाकलून वाळवंटात तहानेनं मारलं, त्यांच्याच भाषेतलं नाव. मिशनच्या पाद्र्यानं ठेवलेलं.

"काढा तो पुतळा, फोडा, मी कुठं अडवतेय? पण त्याच्यासमोर नाव घ्यायचं नाही. आपलं नाही, घरातल्या कुणाचं नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

हे वेमुनाला लहानपणापासून पाठ होतं. नियम सांगायचा, कारण गिळायचं. म्हाताऱ्यांनी आयुष्यभर हेच केलं, आणि घोड्यावरचा तो कांस्याचा जर्मन शिपाई शंभर वर्षं समुद्राकडे पाठ करून निवांत बसून राहिला. त्याच्यावरून तीन वर्षं वाद चालला होता. हॉटेलवाले म्हणत, राहू दे, पर्यटक फोटो काढतात. नगरपालिका म्हणे, संग्रहालयाच्या आवारात नेऊ. वेमुनानं सभेत सांगितलं होतं, "वितळवा आणि आमच्या वस्तीला नळाच्या तोट्या करून द्या." शेवटी आवारात न्यायचं ठरलं. क्रेन आली. चौथऱ्याभोवती खणायला घेतलं, तर खाली हाडं निघाली.

कामगार थांबले. पूर्वजांना ओळख दिल्याशिवाय त्यांच्या हाडांना हात लावायचा नसतो. तोंडात पाणी घेऊन फवारायचं, मातीवर हात ठेवायचा, आणि आपण कोण, कुणाच्या पोटचे, ते सांगायचं. सांगतो तो वडीलधारा. बाकीचे गप्प. ते काम एलिफास काकांचं, आणि काकांची गाडी वाळवंटाच्या रस्त्यात बंद पडली होती.

"परवा येतो," काका फोनवर म्हणाले. "घाई करू नकोस, पोरी."

"काका, क्रेन उद्या परत जातेय. पुतळेवाल्यांचा वकील स्थगिती आणायला निघालाय. आज नाही तर कधीच नाही."

"शंभर वर्षं थांबलो की गं."

"तेच तर!" म्हणून तिनं फोन ठेवला होता.

चौथऱ्यापाशी चिटपाखरू नव्हतं. धुक्यात घोड्याचे नुसते पाय दिसत होते. खड्ड्यात, ताडपत्रीखाली, लांबट हाडं होती. एकही कवटी नव्हती. वेमुना गुडघ्यावर बसली. पाणी तोंडात घेऊन फवारलं. हात पुढे केला आणि डोळे मिटले.

"मी वेमुना. रेनाटेची मुलगी. हेडविगची नात. तुम्हाला इथून न्यायला आलेय."

तळव्याखाली माती लागायला हवी होती. लागला दगड. धुक्यात तिचा हात चौथऱ्यावर पडला होता. आणि तो दगड गार नव्हता... कोमट होता. धावून आलेल्या घोड्याच्या पाठीसारखा.

वरून कुणीतरी हळूच घसा साफ केला.

"हेडविग," आवाज म्हणाला. जड उच्चार. नाव जिभेवर घोळवून बघितल्यासारखा. मग जरा थांबून, "रेनाटे." मग, "वेमुना."

ती पळाली. बाटली तिथंच राहिली.

घरात दिवा लावलेला नव्हता. खर्र... खर्र... असा आवाज येत होता. आजी जमिनीवर बसली होती. हातात फुटक्या बाटलीची काच होती, आणि मांडीवर काहीच नसताना, त्या काहीच नसलेल्या गोल वस्तूला ती काचेनं घासत होती. बोटांतून रक्त ओघळत होतं.

"आजी!"

"घेतलंस ना नाव?" आजीनं मान वर केली नाही. "मला हाक आली. मी हजर म्हटलं. म्हटलंच जातं."

"कोण... काय करतेयस तू?"

"माझ्या आजीला जर्मनांनी तिथं घातलेल्या कैदी-छावणीत हेच काम होतं. मेलेल्यांची मुंडकी उकळून द्यायचे. बायकांनी काचेनं मांस खरवडायचं, कवटी पांढरी करायची. जहाजानं त्यांच्या देशात जायच्या त्या. एकदा तिच्या हातात तिच्या भावाचं आलं. ती थांबली. शिपाई म्हणाला, ओळखीचा आहे? मग नीट कर." खर्र... खर्र... "रोज हजेरी असायची. एकीनं ओ दिली नाही की शेजारणीला चाबूक. शेवटी शेवटी शेजारणीच सांगून टाकायच्या, आहे, आहे, इथं मागं लपलीय."

"हे आधी का नाही सांगितलंस मला?" वेमुना किंचाळली. "जन्मभर का नाही सांगितलंस?"

"लाज वाटायची," आजी म्हणाली. "शेजारणींत तीही होती."

दुसऱ्या दिवशी, ओळख देऊन झाली असा वेमुनानंच कामगारांना निरोप दिल्यावर हाडं उचलली गेली आणि दुपारी क्रेननं घोडेस्वार उपटला. वस्ती नाचली. लोकांनी वेमुनाला खांद्यावर घेतलं. ती हसली नाही. दोरखंडांनी जखडलेला शिपाई ट्रकवर आडवा पडून गेला, तेव्हा तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते बंद होतं. मग तिनं रिकाम्या चौथऱ्याकडे पाहिलं. सगळीकडे धुक्यानं ओल धरली होती. चौथऱ्याचा दगड तेवढा कोरडा होता.

संध्याकाळी राजधानीहून आईचा फोन आला.

"वेमुना, काल रात्री दारात कुणी मला हाक मारली गं? मी ओ दिली, बाहेर बघितलं तर कुणीच नाही. आणि ऐक ना, काचेची बरणी फुटली वाटतं घरात, माझ्या हाताला..." पुढे नुसतं खर्र... खर्र... ऐकू येत राहिलं.

वेमुनानं दार लावलं. खिडक्या लावल्या. ओढणी घडी करून तोंडात कोंबली आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरली. ती ओ देणार नव्हती. मेली तरी देणार नव्हती.

धुकं काचेला येऊन टेकलं.

"वेमुना."

तिनं दात आवळले. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज नाही.

"वेमुना..."

कोपऱ्यात कालपासून चाललेली आजीची खरखर थांबली. बाहेर कुणीतरी चामड्याचा पट्टा तळव्यावर आपटला. एकदाच. आजीचं अंग आक्रसलं. तिनं नातीकडे पाहिलं. ज्या मायेनं तिला न्हाऊमाखू घातलं, आंबवलेलं दूध भरवलं, त्याच मायेच्या नजरेनं पाहिलं.

"आहे," आजी खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "आहे साहेब. इथं मागं लपलीय."

मग तिनं मांडीखालून काचेचा दुसरा तुकडा काढला, झग्याला पुसून स्वच्छ केला आणि वेमुनासमोर ठेवला. तो काल चौथऱ्यापाशी राहिलेल्या बाटलीचा होता. आतून अजून ओला.