घुबडिणीचा दुसरा रुसवा

"अहो, ती खुर्ची धरलेली आहे. पिशवी दिसत नाही का?"

मी एवढंच म्हटलं, आणि तो माणूस बसता बसता तसाच अर्धवट वाकलेला राहिला. चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाला, "अरेच्चा… घुबडीण!"

आता सांगा, तीन सुनांच्या सासूला भर ऑफिसात असं कोणी म्हटलं तर? धाकटी सून सोबत होती, ती मेली फोनआडून खुदकन हसली. मी तोंडाचा पट्टा सोडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "रागावू नका हो. मी घुबड."

मग मात्र… मी पिशवी उचलली.

त्याचं असं झालं. माझा थोरला रांगत होता तेव्हा मी एका स्टुडिओत चहा करायची. तिथे हाताने चित्रं काढून कार्टूनचा सिनेमा बनत होता. दूधवाल्याशी चाललेलं माझं भांडण ऐकून तिथल्या साहेबांनी मलाच माइकपुढे उभं केलं. रुसक्या घुबडिणीचा आवाज म्हणून! मला धड वाचता येत नव्हतं. ते वाक्य सांगायचे, मी फेकायची. सिनेमा असा चालला की घुबड-घुबडिणीचं भांडण पोराटोरांना पाठ. आमच्या ह्यांनी, देवाघरी सुखात असोत, घरी येऊन विचारलं, "हा घुबड कोण?" म्हटलं, "मला काय ठाऊक! तोंडसुद्धा पाहिलेलं नाही." खोटं नव्हतं ते. घुबड घड्याळं दुरुस्त करायचा, दुकान बंद करून संध्याकाळी यायचा. तोवर मी घरी पोरामागे.

आता तोच सिनेमा कॉम्प्युटरवर नव्याने करायचा होता, म्हणून दोघांना बोलावलं होतं.

"मी 'नाही' म्हणायला आलोय," घड्याळवाले म्हणाले. अजून दुकानात बसतात. बोलणं हळू, घाई कसली ती नाही. "चांगलं चाललेलं घड्याळ उघडू नये. आता म्हणे घुबडाचं पीस न् पीस दिसणार. पिसं मोजायला का कोणी सिनेमाला जातं?"

"म्हणा नाही. मग तुमचा आवाज मशीन काढेल. मी काय मशीनशी भांडू?"

"तुम्ही भिंतीशीही भांडाल…"

आणि हसले. शर्टाला घड्याळाच्या तेलाचा बारीक वास. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं हं!

पण हा माणूस उठून जायला नको होता मला. एक गोष्ट इतकी वर्षं मनात सलत होती. विचारूनच टाकली.

"शेवटी घुबडीण रुसून म्हणते, 'जाते मी.' आणि तुम्ही खुशाल 'जा' म्हणता? इतकं कोरडं? बिचारी झाडाला एक फेरी मारून आपणच परत येते. थिएटरात माझीच मान खाली गेली."

त्यांनी खिशातला इवलासा स्क्रूड्रायव्हर काढला, बघितला, परत ठेवला.

"माझ्या कागदावर नुसतं 'जा' लिहिलेलं होतं. तुमचा आवाज मी थिएटरातच पहिल्यांदा ऐकला. आधी ऐकला असता, तर… म्हटलं असतं का?"

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. या वयात!

तेवढ्यात दिग्दर्शक पोरगी आली. "आजी, आधी तुमची वाक्यं घेऊ, आजोबांची नंतर. मग आवाज आम्ही तरुण करू."

"माझ्या आवाजाला काय धाड भरलीय? आणि दोघं एकदम बोलू, समोरासमोर. नाहीतर ही मी निघाले."

"पण आजोबा तर फोनवर नको म्हणत होते ना?"

"मी? कधी?" घड्याळवाले म्हणाले.

खोली थंडगार, माइक एकच. माझं वाक्य ते आधी कुजबुजून सांगायचे, मग मी त्यांच्याच अंगावर फेकायची. भांडता भांडता शेवट आला.

"जाते मी."

म्हणत मी पाठ फिरवली आणि थांबले. 'जा' काही येईना. वळून बघितलं, तर कागद खाली, चष्मा हातात, नजर माझ्यावर.

"नको ना जाऊस…"

काचेपलीकडून पोरगी म्हणाली, "आजोबा, तसं लिहिलेलं नाही –" आणि मग तिने हातातला कागद बाजूला ठेवला. म्हणाली, "राहू दे. हेच राहू दे."

जुना सिनेमा नव्याने करावा का, असं तुम्ही पोरं हल्ली तावातावाने भांडता. पिसं दाखवायला करत असाल तर नका करू. पण पहिल्या खेपेला कोणाचं काही बोलायचं राहून गेलं असेल, तर करा बाबांनो, खुशाल करा.

बाहेर भुरभुर पाऊस. सून गाडी बघायला पुढे गेली. त्यांनी छत्री माझ्यावर धरली. स्वतःचा खांदा भिजतोय याचं भान नाही.

"बरं, जाते मी."

"मघाशी काय म्हणालो?"

"ते घुबडिणीला."

"घुबडिणीला मी कुठे ओळखतो?" ते म्हणाले. "मी तुमच्याकडे बघत होतो."

मी मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या हातावर ठेवलं. "मागे पडतं हे."

त्यांनी कानाला लावलं. "छान चाललंय की. आणि चांगलं चाललेलं घड्याळ –"

"उघडा म्हटलं ना!"

त्यांनी ते रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवलं. "वेळ लागेल दुरुस्तीला. रोज येऊन बघावं लागेल."

"येते," मी म्हटलं.