एका शिरोरेघेखाली

बाजाराच्या गल्लीत कुलपांच्या दुकानाला खेटून जिन्याखाली जी जागा आहे, तिथे बसणाऱ्या माणसाला सगळे 'नाववाले' म्हणत. डबा आणा, पेला आणा, घड्याळाचं झाकण आणा, नाववाले ते चामड्याच्या उशीवर टेकवणार, डोळ्याला भिंग लावणार आणि कोरणीने नाव घालून देणार. हल्ली समोरच्या भांडेवाल्याकडे विजेचं यंत्र आलं होतं. ते ठिपके टोचत टोचत दोन मिनिटांत नाव उठवायचं. "त्याला काय नाव म्हणायचं? भांड्याला गोवर आल्यासारखं दिसतं," असं नाववाले येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. नावं घालणं आणि नावं ठेवणं, दोन्ही त्यांना सारखंच चांगलं येई. येणारे-जाणारे मान डोलावत आणि समोरच्याकडेच जात.

गिऱ्हाईक नसलं की त्यांचे हात शिवशिवत. मग घरच्या वस्तूंची पाळी येई. गाळणीचा दांडा, दाराची कडी, कात्री, चमचे, इतकंच काय, नखं कापायचं यंत्रसुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. सगळ्यावर एकच खूण: त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर आणि बायकोच्या नावाचं पहिलं अक्षर एकमेकांत गुंफलेलं, आणि दोघांना मिळून वर एकच शिरोरेघ.

"एक दिवस झोपेत माझ्या कपाळावर कोरून ठेवाल," बायको म्हणे.

"नाही जमणार. पत्रा जाड आहे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

एका सकाळी चहा गाळता गाळता तिने एक चमचा त्यांच्यापुढे धरला. "अहो, हा आपला नव्हे. मावशींकडचा आलाय वाटतं."

मावशी म्हणजे समोरच्या दारातली शेजारीण. नाववाल्यांनी चमचा खिडकीशी नेला. दांड्यावर त्यांचं अक्षर होतं, त्यांच्याच हातचं. तिचं नव्हतं.

"घासून गेलं असेल," ती म्हणाली.

"कानशीने घासतेस काय भांडी?" ते म्हणाले आणि भिंग शोधायला उठले.

घासून गेलेलं अक्षर पूर्ण जात नाही. नखाला लागतं, श्वास टाकला की उमटतं. इथे काहीच लागत नव्हतं. शिवाय गुंफलेल्या अक्षरांची एक रीत असते. तिच्या अक्षराचं वळण त्यांच्या अक्षराच्या दांडीवरून जाई, तिथे ते दांडी मुद्दाम तोडत, म्हणजे तिचं वर दिसे. तिचं अक्षर गेलं तरी ती तुटलेली जागा राहायला हवी. या चमच्यावर दांडी सलग होती. शिरोरेघही आखूड, एका अक्षरापुरती. पुसल्याची कुठे खूणच नव्हती. चमचा पहिल्यापासून एकट्या माणसासाठी कोरल्यासारखा दिसत होता.

त्यांनी तिचं अक्षर शेजारी नव्याने कोरलं आणि कामाला गेले. दुसऱ्या दिवशी ते नव्हतं. त्याच दिवशी कात्रीवरचंही गेलं. शिवताना ती बोटात घालायची ते अंगुस्तान फक्त तिचं होतं, त्यावर तिचं एकटीचंच अक्षर होतं. ते दुकानातून आत्ता आणल्यासारखं कोरं निघालं.

"भांडीच बदलून नेतंय कुणीतरी," ती म्हणाली. हसून म्हणाली, पण अंगुस्तान तिने परत बोटात घातलं नाही.

त्याच आठवड्यात मावशी गावाला निघाल्या. जाताना किल्ली या घरी ठेवून जायची त्यांची जुनी पद्धत. दार बायकोने उघडलं आणि हात पुढे केला. मावशींनी तिच्या खांद्यावरून किल्ली नाववाल्यांकडे दिली.

"भाऊ, कुंड्यांना पाणी घाला हं. तेवढाच तुम्हाला विरंगुळा. एकट्या माणसाला घर खायला उठतं."

"मावशी, अहो, चहा तरी घ्या," बायको म्हणाली.

मावशी जिना उतरून गेल्या. तिने दार लावलं आणि पाठ टेकून तिथेच उभी राहिली. "माझ्यावर चिडल्यात का हो त्या? मी काही बोलले का?"

"म्हातारपण," नाववाले म्हणाले. "ऐकू येत नसेल." मावशी त्यांच्यापेक्षा लहान होत्या आणि त्यांचे कान भिंतीपलीकडचं ऐकणारे होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

रविवारी परगावाहून मुलाचा फोन आला. ती शेजारीच बसली होती, नेहमीसारखी हात पुढे करून, कधी एकदा फोन मिळतो म्हणून.

"बाबा, जेवण वेळेवर करता ना? की आपलं एकट्यासाठी कुठे रांधायचं म्हणून पाव खाऊन झोपता?"

"एकट्यासाठी कशाला? थांब, आईला देतो."

मग मुलगा अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं बोलला. "बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला? मी येऊ का तिकडे?"

नाववाल्यांनी फोन तिच्या कानाला लावला. "बाळा, मी बोलतेय," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग तिने फोन परत दिला. त्यात मुलगा "बाबा? बाबा, आहात ना?" असं विचारत होता.

त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. नाववाल्यांना काय करावं सुचेना, तिच्या पाठीवर हात ठेवून ते नुसते बसून राहिले. पाठ उबदार होती. श्वास हाताला जाणवत होता. मग झालं तरी काय होतं?

माणसाला एकच कला येत असली की संकटातही तो तीच काढतो. त्यांनी दुकान बंद ठेवलं, कोरण्या घरी आणल्या आणि खिडकीखाली बैठक मारली. ती एकेक वस्तू आणून देई, ते तिचं अक्षर घालत. जेवायचंही राहिलं. दुपारच्या लख्ख उन्हात ते डब्याच्या झाकणावर वळण घेत होते, तेव्हा त्यांना ते दिसलं.

कोरणी पुढे जात होती आणि मागे रेघ मिटत होती.

पाण्यात बोट फिरवावं, तसं. धातूची बारीक तार कोरणीपुढे सुटत होती, ती उशीवर पडलेली दिसत होती. पण जिथून ती निघाली, तिथे पत्रा सपाट होता.

त्यांनी जोर लावला. पुन्हा, त्याच जागी. शेवटी कोरणी झाकणातून आरपार गेली आणि त्यांच्या अंगठ्यात घुसली.

भोक राहिलं. अक्षर राहिलं नाही.

"पुरे आता," ती म्हणाली. तिने त्यांच्या हातातून कोरणी काढून घेतली आणि अंगठ्याला पदर गुंडाळला. पदर लाल झाला. ती त्यांच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली. तिचा आवाज आता स्थिर होता.

"एक मागू का?"

"माग."

"इतकी वर्षं नुसतं अगं, अगं केलंत. मीही कधी म्हटलं नाही. एकदा नावाने हाक मारा ना मला."

नाववाल्यांना ते नाव आठवत होतं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, प्रत्येक वळण आणि काना. त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि नाव घेतलं.

ती वाट पाहत होती.

त्यांनी पुन्हा घेतलं, मोठ्याने. मग ओरडून. खिडकीखालून जाणारा एक माणूस थांबला आणि वर बघू लागला.

ती तशीच बसून होती, मान किंचित वर करून, नजर त्यांच्या ओठांवर लावून. मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं.

"अजून लाजताय?" ती म्हणाली.