पावलातली नाडी

घड्याळजींच्या मांडीत धमनीच्या जागी बसवलेली कृत्रिम नळी बरेच महिने गुण्यागोविंदाने नांदली. मग जांघेतली भरलेली जखम पुन्हा पाझरू लागली, अंगात ताप मुरला. नळीवर जंतूंनी ठाण मांडलं होतं आणि नुसत्या औषधांना ते दाद देईनात. शेवटी सर्जननी ती नळी काढली, सडलेला भाग खरवडून साफ केला आणि तिथे एका मृत दात्याची धमनी जोडली. त्यानंतर सलाईनमधून अँटिबायोटिक, आठवडेच्या आठवडे.

त्यांची बायको निवृत्त नर्स. नवरा तिला लाडाने ‘सिस्टर’ म्हणायचा. ताप उतरला त्या सकाळी, फिनेलच्या वासाच्या त्या वॉर्डात, तिने सवयीने एका हातात त्यांचं मनगट धरलं, दुसऱ्यात ऑपरेशन झालेल्या पायाचं पाऊल.

मनगटातली नाडी संथ होती. पावलातली मात्र भराभरा पळत होती, तान्ह्या बाळाची पळते तशी.

“अहो, पायात वेगळेच ठोके लागतायत.”

“दोन घड्याळं कधी जुळतात का, सिस्टर? त्यावरच तर जन्मभर पोट भरलं मी!”

ती हसली. पण हृदय एक, तर ठोके दोन कसे पडतील? तिने सर्जनना बोलावलं. त्यांनी पावलावर यंत्र टेकवलं. ठोके अगदी बरोबर जुळले.

“तुमची झोप झालेली नाही, काकू,” ते मायेने म्हणाले.

ते गेले. तिने बोटं टेकवली. पावलातली नाडी पळतच होती.

मग तिने कुणाला सांगितलं नाही. जेवणं झाली की ती ते पाऊल मांडीवर घेऊन थोपटायची. हळूहळू ते शांत व्हायचं, मनगटाशी जुळायचं.

“माझ्यापेक्षा पायाचेच लाड जास्त चाललेत,” घड्याळजी कुरकुरायचे, आणि पाय पुढे करायचे.

जंतू गेले. जखम भरली. दोघं घरी आली.

एका दुपारी ते आरामखुर्चीत पेपर वाचत होते. पाऊल तिच्या मांडीवर होतं. डोळ्यांवर आलेली बट सारायला तिने हात उचलला.

परत टेकवला, तर नाडी घाबरल्यासारखी धावत होती.

“आहे गं, इथेच आहे मी,” ती पुटपुटली. कुणाला, ते तिलाही कळलं नाही.

पेपराआडून आवाज आला, “अजून थोपटतेयस? घोट्याखाली मला काहीच कळत नाही गं. बोटंसुद्धा हलत नाहीत.”

“हो,” ती म्हणाली.

तिचा हात केव्हाचा थांबला होता. पावलाच्या बोटांनी तिची करंगळी हळूच धरून ठेवली होती.