शेवटचा मोरपंखी

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या प्रयोगशाळेत भिंतभर पडद्यावर दोनच ठिपके उरले होते. डॉ. मालविका रेडकर त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या, आणि समोरचा चहा केव्हाच गार झाला होता.

एकेक ठिपका म्हणजे एकेक मोरपंखी रंगाचा लुकलुक्या. तळहाताएवढं, गोल डोळ्यांचं, उजेड देणारं खेळणं. पण त्यापायी लोक अक्षरशः वेडे झाले होते. दुकानापुढे रांगा काय, लग्नात आहेर म्हणून मागणं काय! या वेडाचं मूळ मालविकाबाईंच्या डोक्यातलं. त्यांनी त्याला नाव दिलं होतं, विरळभान.

"पुन्हा एकदा सांगा, बाई," संचालक परुळेकर म्हणाले. "उद्या पत्रकारांपुढे बोलायचंय. जरा सोप्यात हं."

"प्रत्येक लुकलुक्या सारखा आपल्या रंगाच्या भावंडांना साद घालतो. जितकी उत्तरं कमी, तितका त्याचा उजेड जास्त. आपण किती दुर्मीळ आहोत हे त्याला कळतं."

"आणि मोरपंखी आपण दोनच हजार काढले."

"दोन लाख सहज निघाले असते. साचे आपणच मोडले. वर दर महिन्याला थोडे थोडे विझवत आलो."

"हळू बोला हो!"

खरं तेच होतं. इथे कळ दाबली की दूर कुणाच्या तरी कपाटातल्या खेळण्याची ओळखचकती, म्हणजे साद घालणारा भाग, जळून ते विझून जाई. लोकांना वाटे, बिचाऱ्याचं आयुष्य संपलं. उरलेले आणखी झळकत. अहो, दुसऱ्याचा विझला म्हणून चांगली शिकलीसवरलेली माणसं पेढे वाटायची! पहिल्यांदा कळ दाबायला मालविकाबाईंनी अख्खा दिवस लावला होता. पुढे त्या चहा पिता पिता दाबू लागल्या, आणि त्याचंच त्यांना आता वाईट वाटत होतं.

"आता एकच ठेवा," परुळेकर म्हणाले. "शेवटचा मोरपंखी! डोळे दिपले पाहिजेत लोकांचे. कुठला विझवायचा ते तुम्हीच बघा."

बघायचं काय होतं? एक त्यांच्या रेवतीचा, दुसरा शेजारच्या मिनूचा. दोन्ही त्यांनीच दिलेले, म्हणूनच विझवायच्या यादीतून आजवर गुपचूप वगळलेले. दोघी पोरी पहिलीपासून एका डब्यात जेवणाऱ्या. पण 'माझाच जास्त झळकतो' यावरून आठवडाभर कट्टी होती. खरं तर दोन्ही अगदी सारखेच झळकत! रेवती रोज उशीत तोंड खुपसून रडायची. आईचं काळीज ते. त्यांनी मिनूच्या क्रमांकावर बोट ठेवलं आणि कळ दाबली.

एक ठिपका गेला. दुसरा क्षणभर लुकलुकला, मंदावला आणि तोही गेला.

"बाई! हे काय?" परुळेकर ओरडलेच.

मालविकाबाई पडद्याजवळ गेल्या. "त्यानं साद घातली, आणि एकही उत्तर आलं नाही. मग आपण दुर्मीळ झालो की आपले कान गेले, हे त्याला कसं कळावं? अशा वेळी आपणच बिघडलो असं समजून मिटून जायचं, हा नियम मीच लिहिलाय. एकट्याला दुर्मीळ होताच येत नाही, परुळेकर. त्याला निदान दुसरा एक लागतो. एवढं साधं माझ्या लक्षात येऊ नये!"

संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा रेवती पायरीवर बसली होती. शेजारी मिनू. दोघींचे डोळे रडून सुजलेले, पण खांद्याला खांदा लावून बसलेल्या.

"आई, दोघींचेही गेले," रेवती म्हणाली. "आमची बट्टी झाली."

मिनूनं दोन्ही खेळणी पुढे केली. "काकू, तुम्हीच बनवलेत ना हे? मग यातला कुठलाही एक लावून द्या ना. आम्ही दोघींत एकच घेऊ, भांडणार नाही. शप्पथ!"

मालविकाबाईंनी दोन्ही हातात घेतले. मिनूच्याची चकती जळलेली, आणि रेवतीचा एकटा लावला तरी साद घालून पुन्हा मिटणारच होता.